पहिल्या रविवारचा पुतण्या

तेविसाव्या वर्षी मी सात म्हाताऱ्या माणसांचा नातेवाईक होतो. तिघांचा भाचा, दोघींच्या दिराचा मुलगा, एकीचा जावई आणि एका वॉचमनकाकांचा पुतण्या. जावई तर लग्न न करताच. ह्यातल्या कोणाशी माझं रक्ताचं सोडाच, आडनावाचंसुद्धा नातं नव्हतं. आणि त्या सातांपैकी एकालाही माझ्यासारखा नातेवाईक लाभल्याचा पत्ता नाही, असं मी आपलं धरून चाललो होतो.

काम असं होतं. विरार पूर्वेला फुलपाड्यात एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस. ऑफिस म्हणजे दुकानाचा गाळा. शटर अर्धं वर असलं तर मी आलोय, पूर्ण वर असलं तर बाई आल्यात, अशी खूण. बाई म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, रिटायर झाल्यावर ह्यात पडल्या. स्टेशनबाहेर, एसटी स्टँडवर, पुलाखाली, देवळाच्या ओट्यावर राहणारी जी माणसं, त्यांना कुठेतरी छप्पर मिळवून द्यायचं. छप्परं आमची नव्हती, ती दुसऱ्यांची. गासजवळ सिस्टर लोकांचा आश्रम होता. विरारच्या बाजूला एका रिटायर हेडमास्तरांनी वृद्धाश्रम काढला होता. कळंबला फक्त बायकांसाठी एक घर होतं. आणखी दोन-तीन ठिकाणं. एक जण टीबीवाला घ्यायचा नाही, एक जण टीबीवालाच घ्यायचा. एकाकडे खाट असायची पण वर चढायला जिना, एकाकडे जिना नव्हता पण खाटही नव्हती. ह्या सगळ्यांना एका दोऱ्यात ओवायचं ते मी. दोरा म्हणजे टेबलावरचा काळा फोन.

रोज सकाळी दहाला मी सगळीकडे फोन लावायचो. "आज खाट आहे का?" असेल तर वहीत लिहायचो, पेन्सिलने. दुपारपर्यंत खोडायला लागायचंच. खाट रिकामी झाली म्हणजे कोणीतरी बरं होऊन गेलं किंवा कोणीतरी गेलंच. दोन्हीतलं काय, ते मी विचारायचो नाही. मला फक्त खाट पाहिजे असायची.

ह्या कामाला मला घेतलं ते नकलांमुळे. रोह्याच्या शाळेत मी दुसरं काही शिकलोच नव्हतो. संमेलनात एकदा सगळ्या सरांच्या नकला केल्या, फक्त हेडसरांची सोडून. हेडसर स्टेजवर चढले आणि म्हणाले, "आणि मी? मी काय मेलोय?" मग त्यांचीही केली. दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर उभं राहायची शिक्षा मिळाली, तिथेही शिपाईकाका येऊन म्हणाले, "माझी कर की." बाईंना हे कुठून कळलं माहीत नाही, पण त्यांनी मला फोनवर बसवलं आणि त्यांच्या लक्षात आलं की माझ्याशी कोणी भांडत नाही. मी सिस्टरशी सिस्टरसारखा बोलायचो, हळू, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखा. हेडमास्तरांशी हेडमास्तरांसारखा, वाक्य संपलं की शेवटचा शब्द परत एकदा. समोरच्याला वाटायचं, पोरगं आपल्यातलंच आहे.

राहायलाही फुलपाड्यातच होतो, तिसऱ्या मजल्यावर एक खोली. बिल्डिंग नवीन, निम्म्या दारांना कुलपं. लोकांनी घेऊन ठेवलेले फ्लॅट, राहायला कोणी येत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी ऑफिसचं शटर पाडलं की सोमवार सकाळपर्यंत माझ्या तोंडातून शब्द निघायचं कारण नसायचं. मग मी रविवारी कपडे धुताना दोन आवाजांत स्वतःशी भांडायचो. एकदा जोरात झालं तर शेजारच्या वहिनींनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "काल पाहुणे आले होते का हो तुमच्याकडे?"

"मामा," मी म्हटलं.

"बरंय बाई. कोणीतरी येतं तरी."

आता नात्यांचं सांगतो. प्रत्येक ठिकाणच्या फॉर्मवर एक रकाना असायचाच, 'जबाबदार नातेवाईक'. तो मोकळा असला की माणूस घ्यायचे नाहीत. त्यांचंही चूक नव्हतं. माणूस आजारी पडला तर ऑपरेशनच्या कागदावर सही कोण करणार? मेला तर कळवायचं कोणाला? पण ज्याला जबाबदार नातेवाईक असतो तो एसटी स्टँडवर कशाला झोपेल? हे बाईंना एकदा विचारलं तर त्या कापूस कापता कापता म्हणाल्या, "अरे, लिहायला काय जातंय? खाट तर मिळू दे आधी." त्या म्हणाल्या ते तेवढ्यापुरतं. मी त्याचं दुकान काढलं.

मी प्रत्येकाला एक नातेवाईक दिला. गाव दिलं, धंदा दिला. आणि सिस्टर, हेडमास्तर, सगळे विचारणारच की हा माणूस आहे कुठे, म्हणून महिन्यातून एकदा त्या नातेवाईकाचा फोन जायला लागला. आमच्याच काळ्या फोनवरून. रोह्याचा भाचा वेगळा, पालघरचा वेगळा. एक जावई अर्नाळ्याचा होता, तो 'पानी' म्हणायचा आणि बोलता बोलता मागे कोणावर तरी ओरडायचा. लांबचा फोन वाटावा म्हणून तोंडाजवळ बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरगाळायचो. खरखर अशी यायची की मलाच वाटायचं, लाईन कटते की काय. बाई असताना करायचो नाही. शटर अर्धं असतानाचं काम ते.

खोटं कशाला बोलू, महिन्यातले ते सात फोन मला आवडायचे. "काय म्हणतो आमचा मामा? खोकला थांबला का?" असं विचारताना खरंच काळजी वाटायची. फोन ठेवला की गाळ्यात परत मी एकटा.

वॉचमनकाका भेटले ते एका अर्धवट बिल्डिंगमध्ये. फुलपाड्याच्या मागच्या अंगाला पाच मजल्यांचे नुसते खांब उभे होते. बिल्डरने काम सोडलेलं, सळ्यांना गंज, तळात डबकं. तिथे हा माणूस राखण करत होता. कोणासाठी, ते त्यालाही माहीत नव्हतं. वय पासष्टच्या पुढे, मंगळवेढ्याकडचे. डाव्या पायाला जखम झालेली, ती चिघळलेली. बाई रोज ड्रेसिंगला जायच्या आणि मी मागून डबा घेऊन.

काकांचा आयुष्यभराचा धंदाच तो. बिल्डिंगचा पाया खणला की हे राहायला यायचे आणि लोकांना चाव्या मिळाल्या की निघायचे, पुढच्या पायावर. नालासोपारा, विरार, इकडच्या किती बिल्डिंगमध्ये माणसं यायच्या आधी हे राहून गेले होते. मी कुठे राहतो ते सांगितलं तर हसले.

"तिसरा मजला, जिन्याच्या उजवीकडं? आरं, तुझ्या मोरीत मी चूल मांडायचो. वारं लागायचं न्हाई तिथं. दारं नव्हती तवा लई मोकळं व्हतं."

"आता दारं आहेत काका, आणि तरी कोणी येत नाही," मी म्हटलं.

"मग ऱ्हात जा की गप. वॉचमनला कोन भेटाया येतंय?"

तिथून ते हलायला तयार नव्हते. "पझेशन झाल्याबिगर मी बिल्डिंग सोडत न्हाई. एकदाबी सोडली न्हाई." बाईंनी शेवटी पायावरची पट्टी सोडून त्यांना जखम दाखवली आणि म्हणाल्या, "ह्याचं पझेशन घ्यायला गँगरीन आलंय, काका. त्याला देताय का?" तेव्हा उठले. वळकटी, एक पातेलं, वहाण. झालं सामान.

गासच्या आश्रमात खाट होती, रोज ड्रेसिंग करायला सिस्टर होती. रिक्षातून नेताना काकांनी सहज सांगितलं की कोणी नाही त्यांना, एक भावाचा पोरगा आहे मंगळवेढ्याला. "बारका व्हता तवा खांद्यावर बसवून जत्रंला न्यायचो. केस धरायचा माझं. आता मोठा झाला आसंल." वीस वर्षांत गाठ नव्हती. मी ऐकलं आणि खिशात टाकलं, दुकानदार माल बघून ठेवतो तसं. ते बाहेर बाकावर पाय पसरून बसले होते, मी आत खिडकीशी फॉर्म भरला. जबाबदार नातेवाईक: पुतण्या, मंगळवेढा, शेती.

सिस्टर पन्नाशीच्या, वसईच्याच, चष्मा नाकाच्या टोकावर. म्हणाल्या, "पहिल्या रविवारी भेटायचा दिवस असतो हं. त्या दिवशी नातेवाईक इथेच आपल्या माणसाबरोबर जेवतात. येतील ना ते?"

"लांब आहे सिस्टर. पण फोन करतील," मी म्हटलं.

पुतण्याचा आवाज बसवायला मी फार कष्ट घेतले नाहीत. विरार स्टेशनसमोर उसाचा रस काढणारा एक माणूस होता, घाटावरचा, त्याचाच आवाज उचलला. त्याच्या घुंगरांसकट उचलला असता, पण फोनवर ते जमत नव्हतं.

"हॅलो! हॅलो! सिस्टरबाई हायत का? मी मंगळवेड्यास्नं बोलतोय न्हवं! काका बरं हायत का आमचं?"

"बरे आहेत. पायाची जखम सुकत आलीय. तुम्ही येताय ना भेटायला?"

"यायचं लई मनात हाय वो. पर ऊसतोड चालू हाय न्हवं. फुडच्या म्हयन्यात येतोच की."

ऊस कुठून आला? रसवाल्याच्या आवाजाबरोबर आला. मी काही विचार केला नाही. सिस्टर म्हणाल्या, "बरं बरं, सांगते हं त्यांना." हेही मी ऐकलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं. माझ्या लेखी फोन झाला, रकाना भरला, खाट पक्की. फोनवर कोणी काही बोललं की त्याचा निरोप होतो आणि सिस्टरसारखी माणसं निरोप पोचवतात, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

असे सहा महिने गेले. गासला मी त्या सहा महिन्यांत एकदाही गेलो नाही. कशाला जायचं? रोज दहाला फोन होता.

मग बाईंच्या मनात आलं की ह्या सगळ्या लोकांना एकदा एकत्र बसवू या. सगळे आमच्याशी बोलतात, एकमेकांशी कोणी बोलत नाही. एकाकडे पांघरुणं पडून आहेत, दुसऱ्याकडे थंडीत माणसं कुडकुडतायत. समोरासमोर बसले तर फोनची गरज अर्धी होईल. मला पटलं. मीच सगळ्यांना बोलावलं, मीच नालासोपारा पश्चिमेला एका शाळेचा वर्ग मागून घेतला, बाकं गोल लावली, फळ्यावरचं गणित पुसलं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात चोख काम ते.

मीटिंग झकास झाली. कोणाकडे काय आहे, काय नाही, सगळं फळ्यावर लिहिलं. पांघरुणं कळंबला जाणार हे ठरलं. बाई खूश होत्या. मग चहा आला, बटाटेवडे आले, आणि माणसं सैल होऊन बोलायला लागली.

हेडमास्तर सांगत होते, "अहो, लोक म्हणतात म्हाताऱ्यांना कोणी विचारत नाही. नाही! आमच्या एका आजोबांचा भाचा आहे, रोह्याचा. दर महिन्याला फोन. नेमाने फोन! आणि बोलणं इतकं गोड, की काय सांगू." आणि त्यांनी तो भाचा करून दाखवायला सुरुवात केली. हात कानाशी, मान वाकडी. "हॅलो, सर, मामा कशे आहेत?"

इतकं वाईट केलं त्यांनी. रोह्याचा माणूस असं बोलतच नाही. सगळे हसत होते आणि मला सहन होईना. मी बशी खाली ठेवली.

"तसं नाही सर. असं." आणि मी केला भाचा. खरखरीसकट केला. खिशात कागद नव्हता तर तोंडानेच केली खरखर. "सर, मामाला सांगा, खोकल्याचा औषध टाकू नको म्हनावं खिडकीतना."

हास्याचा असा फवारा उडाला की वर्ग दणाणला. हेडमास्तर मांडी थोपटत होते. "अगदी तस्सा! अगदी! तस्सा!" मी वाकून नमस्कारही केला. वर मान केली तर सिस्टर हसत नव्हत्या. चष्मा काढून हातात धरला होता.

"तू त्या भाच्याला कुठे ऐकलंस, बाळ?"

हास्य एकेका बाकावरून विझत गेलं. हेडमास्तरांचा हात मांडीवर तसाच राहिला. मी खाली ठेवलेली बशी परत उचलली. बाई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांना कळत होतं, की दुकान त्यांच्याच एका वाक्यावर उघडलं होतं.

"आणि आमचा पुतण्या?" सिस्टरने विचारलं. "तोही तूच?"

मी मान डोलावली.

सिस्टर लोकांसमोर काही बोलल्या नाहीत. मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. मला वाटलं आता देव, पाप, खोटं बोलणं, हे सगळं येणार. मी तयारीत होतो, त्यांची तीही नक्कल मला येत होती. पण त्या एवढंच म्हणाल्या:

"तुला एक सांगते. तू फोन केलास की मी जाऊन त्यांना सांगते, पुतण्या येतोय हं. पहिल्या रविवारी ते पहाटे उठून दाढी करतात. दुसऱ्याचा आरसा मागून. आणि गेटजवळ बाकावर बसतात. जेवायची घंटा झाली की मी बोलवायला जाते, तर म्हणतात, पोरगं उपाशी येईल, येऊ द्या, बरोबर बसतो. तीन वाजेपर्यंत बसतात. मग थंड झालेलं जेवतात." हातातल्या चष्म्याची काच पुसत म्हणाल्या, "सहा रविवार झाले."

"मला माहीत नव्हतं, सिस्टर."

"तुला कसं माहीत असणार? तू आलासच नाहीस." चष्मा परत नाकावर चढवला. "फॉर्म खोटा आहे. मला आमच्या मदरना सांगावं लागेल. खाटेचं त्या ठरवतील. पण काकांना सांगायचं ते तू सांग. मी नाही सांगणार. चार दिवसांनी रविवार आहे, पहिलाच."

ते चार दिवस मी ऑफिसात 'हो' आणि 'नाही' एवढंच बोललो. बाई रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. एकदाच म्हणाल्या, "खाट गेली तर आपण दुसरी बघू." पण वही आम्हा दोघांसमोर उघडी होती. ड्रेसिंग होईल अशी दुसरी खाट त्यात नव्हती. खाट गेली की काका परत त्या खांबांमध्ये, डबक्याशेजारी, हे दोघांनाही दिसत होतं.

रविवारी नालासोपाऱ्याहून एसटीने गासला उतरलो तेव्हा चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, सुटली होती. इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं घोळक्याने घरी चालली होती. केळीच्या वाड्यांमध्ये पाणी सोडलेलं होतं आणि ओल्या मातीचा गारवा रस्त्यापर्यंत येत होता. मी हळू चाललो. लवकर पोचायची मला घाई नव्हती.

काका बाकावर होते. दाढी घोटलेली, हनुवटीवर एक काप, त्यावर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवलेला. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. पाय चांगला दिसत होता. मला बघून त्यांनी डोळ्यावर हात धरला.

"कोन? डबावाला व्हय? ये, बस. आज माझा पुतन्या यायचाय, मंगळवेढ्यास्नं. जागा ठेव हां त्याला, कडंला सरक."

मी कडेला सरकून बसलो. मधे एका माणसाची जागा ठेवून.

"लई कामात असतंय बिचारं," काका म्हणाले. "ऊस लावलाय म्हन त्यानं. आमच्या रानात ऊस! आरं, आमच्या बापाच्या टायमाला ज्वारीला पानी मिळत नव्हतं. आभाळाकडं बघायचं आन् परत जिमिनीकडं बघायचं. मी घर सोडलं ते पान्यापायीच की. आता कॅनॉल आला आसंल. न्हाईतर ऊस हुतोय कसा? आत समद्यांना सांगितलं मी, आमच्या रानाला पानी आलं म्हून."

मी वाटेत जे काही जुळवून आणलं होतं ते सगळं तिथे सांडलं. मग सांगून टाकलं. कसंही सांगितलं, मागचं पुढे, पुढचं मागे. फोन मीच करायचो, खाटेसाठी करायचो, पुतण्या कुठे आहे मला माहीत नाही, मी कधी मंगळवेढ्याला गेलोसुद्धा नाही.

काका गेटकडे बघत होते. गेटातून एक मुलगी आपल्या आजीचा हात धरून आत येत होती, तिला त्यांनी जायला वाट दिली, पाय आखडून घेतला. मग म्हणाले, "बोलून दाखव."

"काय?"

"त्यो कसा बोलायचा ते. मला सिस्टर सांगायची नुस्तं. मी ऐकलं न्हाई कवा. बोल."

मी बाकावर सरळ बसलो. कागद नव्हता, खरखर केली नाही. नुसता आवाज लावला. "सिस्टरबाई, मी मंगळवेड्यास्नं बोलतोय न्हवं. काका बरं हायत का आमचं? यायचं लई मनात हाय वो."

काकांनी पूर्ण ऐकलं, डोळे बारीक करून. एखाद्याने रात्रपाळीला नवा माणूस आणावा आणि तो चालेल का बघावं, तसं.

"हे न्हवं न्हवं काय लावलंस? हे कोल्लापूरकडचं हाय. आमच्यात आसं कोन बोलत न्हाई."

"रसवाल्याचं आहे," मी म्हटलं.

"तरीच ऊस." ते हसले, थोडंसंच, आणि हसू लगेच संपलं. "मंजी पानीबी आलं न्हाई."

"माहीत नाही काका. आलंही असेल."

"न्हाई. तू म्हनलास म्हून आलं व्हतं." त्यांनी हनुवटीवरचा कपटा काढला, बोटांत गोळी केली आणि टाकली. "आता आत सांगाया लागंल परत."

मी म्हटलं मी सांगतो. ते म्हणाले, नको, माझं रान आहे.

सिस्टर फॉर्म घेऊन बाहेर आल्या. बहुतेक खिडकीतून बघत असणार. म्हणाल्या, मदरशी बोलणं झालंय, खाट काकांचीच राहील, पाय पूर्ण बरा झाल्यावरही राहील. पण फॉर्म खरा पाहिजे. पुतण्याचं खोडून तिथे खरं काय ते लिहायचंय.

माझ्या मनात चार दिवस एक गोष्ट घोळत होती, ती मी बोललो. "काका, माझं नाव लिहू का? खरं नाव, खरा पत्ता. मी येईन दर महिन्याला. फोन नाही, स्वतः येईन."

काकांनी माझ्याकडे वळून बघितलं. राग नव्हता. गेटवर अनोळखी माणूस आला की वॉचमन विचारतो ना, कुणाकडं जायचंय, तसं विचारलं:

"तू कोन माझा?"

मला सात नाती तोंडपाठ होती. एकही तिथे लागेना. डबा आणणारा, असं म्हणता आलं असतं, पण डबा बाईंचा होता.

"कुनी न्हाई म्हून लिवा, सिस्टर," काका म्हणाले.

"तो रकाना मोकळा ठेवत नाहीत, बाबा. मदर विचारतील."

"विचारू द्या. मला बोलवा, मी सांगतो त्यास्नी. इतक्या बिल्डिंगी राखल्या मी, येकाबी मालकानं विचारलं न्हाई, तुझं कोन हाय म्हून."

सिस्टरने फॉर्म बाकावर ठेवला, मधल्या मोकळ्या जागेवर, आणि माझं अक्षर आडव्या रेघेने खोडलं. वर बारीक लिहिलं, 'कोणी नाही'. मग पेन काकांना दिलं. काकांनी सही केली, एकेक अक्षर कोरत, जीभ दातांत धरून.

घंटा झाली. आतून पाट सरकल्याचे आवाज आले, मुलं, सुना, नाती, सगळे आपापल्या माणसाचा दंड धरून आत जायला लागले. त्या दिवशीची पंगत नातेवाइकांची असते हे मला पहिल्या दिवशीच सांगितलेलं होतं. सिस्टर माझ्याकडे बघत थोडं थांबल्या, मग काकांकडे बघितलं. काका वहाण शोधत होते.

"जातो मी," मी म्हटलं.

"जा की. बाईला सांग, पाय बरा हाय." वहाण सापडली. उठले, शर्ट खाली ओढला आणि कोणाची वाट न बघता आत गेले. सहा महिन्यांत पहिल्यांदा पहिल्या रविवारी ते गरम जेवले असतील.